कमोडोर ६४ चा दिवा लागतो, पण पडदा काळाच: ब्रेकआउट ॲडॉप्टर दोष कसा शोधून देतो?

१९८२ साली बाजारात आलेला कमोडोर ६४ हा संगणक आज चालू केला की अनेकदा असं होतं: लाल दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. दोष प्रोसेसरमध्ये असू शकतो, रॉममध्ये, मेमरीत किंवा पीएलए नावाच्या चिपमध्ये. पीएलए तर बिघडण्यासाठी प्रसिद्धच आहे. एकेक चिप बदलून पाहावी म्हटलं, तर कमोडोर कंपनी १९९४ मध्येच दिवाळखोरीत गेली. मूळ चिप्स आता जुन्या साठ्यातूनच मिळतात आणि आणलेली चिप चांगली असेल याचीही खात्री नसते.

म्हणून जुने संगणक दुरुस्त करणारे आधी ब्रेकआउट ॲडॉप्टर बनवतात.

हा ॲडॉप्टर म्हणजे काय?

चिप आणि तिचं सॉकेट यांच्यामध्ये बसणारा हा छोटा सर्किट बोर्ड. त्याच्या खालच्या पिना मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये जातात, वरच्या सॉकेटमध्ये मूळ चिप बसते आणि प्रत्येक पिनेची एक जोडणी कडेच्या हेडरवर येते. संगणक नेहमीसारखा चालतो, फक्त आत काय चाललंय ते बाहेरून मोजता येतं. चिपच्या शेजारशेजारच्या पिनांमध्ये जेमतेम २.५४ मिमी अंतर असतं. मल्टिमीटरचं टोक तिथे घसरलं तर दोन पिना शॉर्ट होऊन चांगली चिपही जाऊ शकते.

बनवताना कुठे चुकतं?

कमोडोरच्या ६५१० प्रोसेसरला ४० पिना आहेत आणि दोन रांगांमधलं अंतर १५.२४ मिमी. झिरो पीसीबीवरही काम होतं. मात्र वरचं सॉकेट आणि खालच्या पिना एकाच भोकात मावत नाहीत, म्हणून सॉकेट थोडं बाजूला सरकवून वायरने जोडावं लागतं. खालच्या पिना जोडताना बोर्ड उलटा धरलेला असतो. इथेच डावं-उजवं बदलतं आणि पूर्ण ॲडॉप्टर आरशातल्या प्रतिमेसारखा तयार होतो. ही चूक जवळपास प्रत्येक जण एकदा तरी करतो.

दुसरी चूक पिनांच्या निवडीत होते. नेहमीच्या चौकोनी हेडर पिना जाड असतात. त्या जुन्या सॉकेटची पकड कायमची ढिली करतात. खाली बारीक गोल पिनाच लावाव्यात.

चिप बसवण्याआधी मल्टिमीटरच्या बीपवर चाळीसही जोडण्या तपासायच्या: समोरासमोर बीप हवा, शेजारच्या पिनेशी नको. मग रिकामा ॲडॉप्टर लावून ६ आणि २१ क्रमांकाच्या पिनांमध्ये ५ व्होल्ट येतात का ते पाहायचं.

नेमकं काय बघायचं?

रीसेट सुटला की ६५१० सर्वात आधी एफएफएफसी आणि एफएफएफडी या दोन पत्त्यांवरचा मजकूर वाचतो. कर्नल रॉमने तिथे ई२ आणि एफसी ही उत्तरं द्यायला हवीत. सगळा शोध या दोन वाचनांभोवती फिरतो.

सोळा चॅनेलचा लॉजिक ॲनलायझर यासाठी पुरतो. आठ डेटा लाइन, पत्त्याच्या शेवटच्या चार लाइन, क्लॉक, रीसेट आणि वाचन-लेखनाची पिन मिळून पंधरा होतात. आधी ग्राउंड जोडायचं. नोंद क्लॉकच्या वरच्या अर्ध्या भागातलीच धरायची, कारण उरलेल्या अर्ध्या वेळात व्हिडिओ चिप तोच मार्ग वापरते. हे लक्षात न घेतल्यामुळे निरोगी प्रोसेसरवर आळ आल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पत्ता उमटलाच नाही, तर क्लॉक, रीसेट किंवा प्रोसेसरकडे बघायचं. पत्ता बरोबर पण उत्तर चुकीचं असेल, तर कर्नल रॉमची निवड करणारी पिन तपासायची. तिच्यावर सिग्नल येत नसेल तर संशय पीएलएवर जातो. सिग्नल येऊनही उत्तर चुकत असेल, तर रॉम खराब आहे किंवा दुसरी एखादी चिप डेटा लाइन अडवून बसली आहे.

काही बोर्डांवर चिप थेट सोल्डर केलेली असते. तेव्हा ती काढून आधी सॉकेट बसवावं लागतं आणि घाई केली तर बोर्डावरचे पॅड उखडतात. हीच पद्धत ६५८१ या साउंड चिपवर वापरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिच्या २८ क्रमांकाच्या पिनेवर १२ व्होल्ट असतात. ५ व्होल्टचा ॲनलायझर त्या पिनेला लागला, तर जळणारी वस्तू संगणकाबाहेरची असेल.