पगार कापलेले शिपाई आणि कॅमेरा

युद्धपटाबद्दल माझा पहिला प्रश्न असतो, गोष्ट सांगतंय कोण? ‘ग्लोरी’ (१९८९) हा अमेरिकन यादवी युद्धातल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या रेजिमेंटवरचा सिनेमा. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७! रेजिमेंटने असा पगार घ्यायचंच नाकारलं. १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. सिनेमात हा लढा आहे, पण निवेदन गोऱ्या कर्नल शॉच्या पत्रांचं. फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे याच रेजिमेंटमध्ये होते, त्यांची मात्र पात्रंच नाहीत. मुख्य काळी पात्रं काल्पनिक.

आपल्याला हे परकं वाटू नये. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा, १८९०च्या दशकात, अर्ज लिहिला तो सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी. कुणा साहेबाने नव्हे.

म्हणून मला रशीद बुशारेब यांचा ‘अँदिजेन’ (२००६) जास्त खरा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेले उत्तर आफ्रिकी शिपाई इथे स्वतःच केंद्रस्थानी आहेत. जहाजावर काळ्या शिपायांना जेवणात टोमॅटो नाकारले जातात आणि कॉर्पोरल अब्देलकादेर ते पायाखाली चिरडतो. (पंगतीतला भेद ज्यांनी सोसलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.) वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर, १९५९ मध्ये, फ्रान्सने या सैनिकांची पेन्शन गोठवली होती. सिनेमा आला त्याच वर्षी शिराक सरकारने ती फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणायचं ठरवलं. मधल्या वर्षांची थकबाकी मात्र दिली नाही.