रास्त मूल्यमापन (वित्तीय साधनांचे)

मोजमापाच्या दिवशी, कोणतीही निकड नसताना, बाजारातील जाणकारांमध्ये सुरळीत व्यवहार झाल्यास मालमत्ता विकून जी किंमत मिळेल किंवा देणे हस्तांतरित करण्यासाठी जी किंमत मोजावी लागेल, ती ‘रास्त मूल्य’ होय. खरेदीची जुनी किंमत येथे गौण ठरते. भारतात ‘इंड एएस ११३’ हे लेखा मानक मापनाची रीत ठरवते. कोणते साधन रास्त मूल्याने दाखवायचे, हे ‘इंड एएस १०९’ सांगते. ही मानके १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झाली.

मापनाचे तीन स्तर आहेत. मुंबई शेअर बाजारात नियमित उलाढाल असलेल्या समभागाचा भाव पहिल्या स्तरात येतो. दुसऱ्या स्तरात तत्सम रोख्यांचे भाव, व्याजदर असे बाजारात दिसणारे आधार घेतले जातात. तिसरा स्तर सर्वांत नाजूक: येथे कंपनीच्या स्वतःच्या गृहीतकांवर भिस्त असते, म्हणून ती गृहीतके वित्तीय विवरणांच्या टिपांमध्ये उघड करावी लागतात.

अशा सावधगिरीची गरज मुंबईच्या ‘आयएल अँड एफएस’ने दाखवून दिली. थोड्याच काळापूर्वीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन असलेल्या या कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये देणी थकवली आणि तिच्या रोख्यांचे मूल्य म्युच्युअल फंडांना तडकाफडकी घटवावे लागले.

व्यापारी बँकांना इंड एएस अद्याप लागू नाहीत. मात्र रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून त्यांच्या गुंतवणुकीसाठी हेच तीन स्तर स्वीकारले. तिसऱ्या स्तरातील साधनांवरच्या, हाती न आलेल्या नफ्यातून बँकांना लाभांश वाटता येत नाही.