बांडगुळावरचे बांडगूळ

कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला बांडगुळाविषयी विचारा; तो आधी कपाळाला आठी घालील आणि मग बोलू लागेल. आंब्याच्या फांदीत मूळ रोवून तिच्या रसावर पोसणारे आणि अखेर तीच फांदी वाळवणारे हे बिनमातीचे झाड. पण बांडगुळाच्या अंगावर वाढणारे दुसरे बांडगूळही असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आज ज्याची हकीकत मी सांगणार आहे तो याच जातीचा आहे. फक्त त्याचे झाड म्हणजे माणसाचे यकृत.

आपल्याकडे कावीळ म्हटली की ती एकच. डोळे पिवळे दिसले की हळद-तेल बंद, उसाचा रस सुरू, आणि एखादा 'उतरवणारा' गाठावयाचा. लहानपणी आमच्या गावी मी हा विधी पाहिलेला आहे. रोग्याच्या हातावरून ओतलेले चुन्याचे पाणी पिवळे होई आणि आम्ही मुले आ वासून पाहत राहू. (त्या पाण्यात आधी काय कालवलेले असे, हे विचारण्याचे आमचे वय नव्हते.) दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा महिना-दीड महिन्यात आपली आपणच जाते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. रक्तातून शिरणारी कावीळ मात्र निराळी. ती कित्येकदा डोळेसुद्धा पिवळे करीत नाही. वीस-वीस, तीस-तीस वर्षे यकृत आतून पोखरीत बसते.

या दुसरीची पहिली ठळक नोंद जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातली. 1883 साली तेथील गोदी-कामगारांना माणसाच्या लशीतून देवी टोचल्या गेल्या. पुढल्या काही महिन्यांत 1289 जणांपैकी 191 जणांना कावीळ झाली. ज्यांना ती लस टोचली नव्हती ते मात्र सुखरूप राहिले. गुन्हेगार सुईच्या वाटेने आला एवढे कळले, पण त्याचे तोंड दिसावयास आणखी ऐंशी वर्षे लागली. अमेरिकेत बारूख ब्लुमबर्ग निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील फरक तपासत होते. काविळीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. ते निघाले 'बी' विषाणूचे बाह्य कवच. या कामाबद्दल 1976 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे ही कथा संपावयास हवी होती. पण नेमक्या याच सुमारास इटलीतल्या तुरीन शहरी मारिओ रिझेत्तो नावाचे तरुण डॉक्टर 'बी'च्या रोग्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. काही तुकड्यांतल्या पेशींची केंद्रके चमकत. पण ती चमक 'बी'च्या कोणत्याही ठाऊक असलेल्या खुणेशी जुळेना. रिझेत्तो यांनी 1977 मध्ये हा शोध प्रसिद्ध केला आणि त्या खुणेला 'डेल्टा' हे नाव पडले. ही 'बी'चीच एखादी नवी खूण असावी, असा तेव्हा सर्वांचा तर्क होता. पुढे रिझेत्तो अमेरिकेस गेले, आणि चिंपांझींवरील प्रयोगांतून 1980 साली उलगडा झाला, की डेल्टा हा स्वतंत्र विषाणू आहे. पण त्याला अंगावर घालावयास स्वतःचा अंगरखा नाही! तो 'बी'चाच चढवून फिरतो. ब्लुमबर्गांना सापडलेले कवच ते हेच.

दोघे एकदमच शरीरात शिरले तर दुखणे जोराचे येते, पण बहुतेक रोगी त्यातून पार पडतात. 'बी' आधीच ठाण मांडून बसलेला असताना डेल्टा आला, तर मात्र तो बहुधा मुक्कामच ठोकतो. व्हेनेझुएलाच्या पश्चिमेकडील युक्पा आदिवासींत हे विदारकपणे दिसले. तेथे 'बी' पूर्वीपासून घरोघर होता. 1979 ते 1981 या काळात त्यांच्या वस्त्यांत 149 जणांना कावीळ झाली आणि 34 माणसे दगावली.

डेल्टाचे कपट असे, की तो आपल्या यजमानालाच दाबून टाकतो. रक्त तपासावे तर 'बी' नरमलेला दिसतो. डॉक्टर समाधान पावतो, रोगी पेढे वाटतो, आणि यकृत इकडे पूर्वीपेक्षा वेगाने सुकत असते. म्हणूनच डेल्टाची चाचणी वेगळी मागून करून घ्यावी लागते; ती न मागितली तर कागदावर सारे छान दिसते.

आणि उपचार? 'बी'वर आज चांगल्या गोळ्या आहेत. त्या 'बी'ची पैदास रोखतात, पण त्याच्या अंगरख्यांचा कारखाना बंद पाडीत नाहीत. आणि डेल्टाला तेवढाच पुरतो. स्वतःची वाढ तर तो आपल्या पेशींच्याच यंत्रांकडून करून घेतो. मारावे तरी कोठे? अनेक वर्षे हाती इंटरफेरॉनची सुई तेवढी होती: वर्षभर ताप, अंगदुखी, खिन्नता सोसावयाची, चौथा हिस्सा रोग्यांच्या रक्तातून डेल्टा नाहीसा होई, आणि त्यांतल्याही काहींच्या तो पुन्हा परते.

मग लक्ष दाराकडे गेले. दोन्ही विषाणूंचा अंगरखा एक, तेव्हा त्यांचे दारही एकच असणार. ते दार 2012 साली बीजिंगमध्ये वेन्हुई ली यांच्या प्रयोगशाळेत सापडले: पित्तातले क्षार यकृताच्या पेशीत ओढून घेणारे एक प्रथिन. या दाराला अडसर घालणारे बुलेव्हिर्टाइड हे औषध हायडेलबर्गच्या संशोधनातून पुढे आले आणि 2020 मध्ये युरोपात त्याला सशर्त मान्यता मिळाली. त्यात गंमत अशी, की तो अडसर 'बी'च्या अंगरख्याच्याच एका तुकड्यावरून घडवलेला आहे. सुई मात्र रोज टोचून घ्यावी लागते. ती इंटरफेरॉनच्या जोडीने दिली, तर उपचार थांबवल्यावर सहा महिन्यांनीही जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या रक्तात डेल्टा आढळला नाही, असे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले.

याहून स्वस्त वाट 'बी'च्या लशीची. झाडावर पहिले बांडगूळच नसेल तर दुसरे वाढेल कशावर? आपल्याकडे डेल्टा तुलनेने कमी आढळतो. 'बी'ची लस 2011 पासून देशभरातील बालकांच्या सरकारी लसीकरणात आली आहे. इटलीने 1991 मध्येच ती सक्तीची केली. तेथे 'बी'च्या रोग्यांत डेल्टाचे प्रमाण 1987 साली शेकडा 23 होते, ते 1997 पर्यंत शेकडा 8 वर आले. आता तेथील दवाखान्यांत डेल्टाचे जे रोगी येतात, त्यांत लशीपूर्वीच्या पिढीतले म्हातारे इटालियन असतात आणि रुमानियासारख्या देशांतून पोटासाठी आलेली माणसे असतात. रोजची सुई आता त्यांच्यासाठी आहे.