किनाऱ्यावरून पाहिलेले १७८८

जानेवारी १७८८ मध्ये अकरा ब्रिटिश जहाजे कैद्यांसह आजच्या सिडनीजवळ आली. या घटनेची समकालीन लिखित साधने आगंतुकांचीच आहेत. सहस्रावधी वर्षे तेथे नांदणाऱ्या मूळ रहिवाशांची दृष्टी त्या दप्तरात नाही. आदिवासी कलावंत ट्रेसी मॉफट यांच्या ‘द व्हाइट घोस्ट्स सेल्ड इन’ या चित्रफितीने २०१७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ही पोकळी दाखविली. किनाऱ्यावरील आदिवासींनीच तेव्हा केलेले, आता जीर्ण झालेले चित्रीकरण सापडले, अशी तिची कल्पना आहे. चलच्चित्राचा शोध शतकानंतरचा. म्हणजे हा पुरावा उघडच कल्पित. परंतु ही भूमी कोणाच्याच मालकीची नाही, हे वसाहतीचे गृहीतकही कल्पितच होते. ते मात्र १९९२ च्या माबो निकालापर्यंत कायदा म्हणून टिकले. लेखी साधन नसणे म्हणजे साक्षीदार नसणे नव्हे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.