सायकलपटू निवडीची तंदुरुस्ती चाचणी: पालकांनी आकडे कसे वाचावेत?

तुमच्या मुलाची किंवा मुलीची सायकलिंगसाठी चाचणी झाली आणि हातात आकड्यांचा कागद आला, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. हे आकडे मुलाचे आजचे शरीर दाखवतात. पाच वर्षांनंतर ते मूल कुठे असेल, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

चाचणीत काय मोजतात?

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत उंची, वजन, ३० मीटर धावणे, उभी लांब उडी, शटल रन, ८०० मीटर धावणे अशा सर्वसाधारण चाचण्या असतात. खास सायकलिंगसाठी एका जागी बसवलेल्या सायकलवर मूल किती वॅट शक्ती लावते, हे मोजतात. काही सेकंदांचा जोर ट्रॅकवरच्या स्प्रिंटसाठी महत्त्वाचा असतो, तर १५–२० मिनिटे टिकणारी शक्ती रस्त्यावरच्या शर्यतीसाठी.

घाट वेगळा, सपाट रस्ता वेगळा

समजा, ४० किलोचे मूल २० मिनिटे १६० वॅट लावते आणि ५५ किलोचे मूल १९८ वॅट लावते. वजनाने भागले तर पहिल्याचे ४ आणि दुसऱ्याचे ३.६ वॅट प्रतिकिलो येतात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात लढाई मुख्यतः स्वतःच्या वजनाशी असते, म्हणून तिथे पहिले मूल पुढे राहील. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर लढाई हवेशी असते. तिथे एकूण वॅट जास्त असलेले दुसरे मूल पुढे जाईल. दोघांपैकी ‘कमी’ कोणीच नाही.

चढावरचा ढोबळ हिशेब घरीही करता येतो. मूल आणि सायकल यांचे मिळून वजन ५० किलो, चढाची उंची १०० मीटर आणि वेळ ७ मिनिटे, म्हणजे ४२० सेकंद असेल, तर ५० × ९.८ × १०० ÷ ४२० = सुमारे ११७ वॅट. हवा आणि रस्त्याचे घर्षण यांसाठी लागणारी शक्ती याहून वेगळी.

एकाच इयत्तेतली मुले, वेगवेगळी शरीरे

मुलींची उंची साधारण १२व्या आणि मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. पण कोणाची वाढ एक-दोन वर्षे लवकर होते, कोणाची तितकीच उशिरा. लवकर वयात आलेले मूल १३व्या वर्षी सहज जास्त वॅट लावते. उशिरा वाढणारे मूल पुढे त्याला गाठू शकते.

म्हणून वय, वजन, उंची आणि बसून मोजलेली उंची यांवरून शरीराचे वय काढण्याचे सूत्र वापरतात. तेही अंदाजच देते. त्यात सहा महिने ते वर्षभराची चूक सहज होते. त्यामुळे एका चाचणीपेक्षा दर सहा महिन्यांनी केलेल्या चाचण्यांमधील बदल पाहणे योग्य.

‘निवड झाली’ याचा अर्थ किती?

एक काल्पनिक हिशेब पाहू. १००० मुलांपैकी खरोखर वरच्या दर्जाची १० आहेत आणि चाचणी ९० टक्के अचूक आहे. तर त्या १० पैकी ९ निवडली जातील, पण उरलेल्या ९९० पैकी ९९ मुलेही चुकून निवडली जातील. म्हणजे निवडलेल्या १०८ पैकी खरी फक्त ९, आणि एक चांगले मूल बाहेरच राहिले. म्हणून निवड झाली म्हणून शाळा सोडवू नका आणि नाही झाली म्हणून सायकल काढून घेऊ नका.

चाचणीपूर्वी काय तपासावे?

• हिमोग्लोबिन: १२ ते १४ वर्षांच्या वयात ते १२ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात. दम लवकर लागतो आणि गुणी मूलही चाचणीत मागे पडते. उपचारानंतर पुन्हा चाचणी घ्यावी.
• ताप, जुलाब किंवा खोकला असेल तर चाचणी पुढे ढकला.
• दमा असल्यास प्रशिक्षकांना आधी सांगा आणि पंप जवळ ठेवा.

आकडा वाढवण्यासाठी उपाशी ठेवू नका

वजन घटले की वॅट प्रतिकिलो वाढलेले दिसतात. पण वाढत्या वयात जेवण कमी केल्यास हाडे कमकुवत होतात, उंचीची वाढ मंदावते आणि मुलींची पाळी बंद होऊ शकते. भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी असा पोटभर आहार आणि पुरेशी झोप हवीच.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा धडधड होणे
• घरात कोणाचा ५० वर्षांच्या आत अचानक मृत्यू झालेला असणे
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ गुडघा किंवा कंबर दुखणे
• पाळी सलग तीन महिने न येणे किंवा १५व्या वर्षापर्यंत सुरू न होणे

पहिल्या दोनपैकी काहीही असेल, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत दमवणारी चाचणी करू नका.