मागचा आवाज

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, मूल आणि सिंदेवाहीच्या मधल्या जंगलपट्ट्यातलं. माझा कॉलेजच्या काळातला डेस्कटॉप चुलतभावाला द्यायचा होता. काकाच्या माळ्यावर एक जुना ५.१ स्पीकरचा सेट धूळ खात पडलेला: पाच छोटे डबे, एक सबवूफर, आणि मागून निघालेल्या तीन पिना, हिरवी, काळी, नारिंगी. म्हणलं, जोडूनच देऊ.

कॉम्प्युटरच्या मागे ऑडिओची तीनच भोकं होती. आता हल्लीच्या बोर्डावर ड्रायव्हरमध्ये जाऊन माइकचं गुलाबी आणि लाइन-इनचं निळं भोकही आउटपुट करता येतं, फुकटात ५.१. पण मग माइक जातो, आणि भावाला तो हवा होता. यूएसबीची डबी हा दुसरा पर्याय. तिसरा म्हणजे वेगळं साउंड कार्ड. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच कार्डं साध्या पीसीआय स्लॉटची असतात, तो स्लॉट माझ्या बोर्डावर नाहीच. पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट मात्र रिकामा होता, म्हणून त्यातलं कार्ड पुण्याहून घेऊन गेलो. कॅबिनेट उघडलं, कार्ड बसवलं, बायॉसमध्ये जाऊन बोर्डावरचा ऑडिओ बंद केला, ड्रायव्हर टाकला. हिरवी पीन पुढच्या स्पीकर्सची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची आणि सबवूफरची. सिनेमा लावला, तर हीरोचे संवाद सबवूफरमधून, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे! काही सेटमध्ये मधला स्पीकर आणि सबवूफर यांच्या तारा उलट्या असतात. ड्रायव्हरमध्ये अदलाबदलीची एक खूण असते, ती केली आणि सुटलो.

मग मधल्या खुर्चीवर आबाजींना बसवलं आणि टेस्टचा आवाज लावला. पुढे डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मागे उजवीकडे, मागे डावीकडे. आवाज गोल फिरला. विचारलं, "कसं वाटलं आबाजी?"

"चांगलं आहे बाबू. पन मले त सारं एकाच बाजूनं येते."

मी विसरलोच होतो. आबाजींचा डावा कान लहानपणी वाहायचा, औषध झालं नाही, तो गेला. सहा स्पीकर, एक कार्ड, दोन तासांची खटपट, आणि ज्यांच्यासाठी सगळं मांडलं त्यांना त्यातलं काहीच कळणार नव्हतं. त्या रात्री आवाजाची दिशा या गोष्टीचा इतिहास वाचत बसलो, तोच आज सांगतो.

मुळात दिशा कळते कशी? दोन कानांत साधारण वीसेक सेंटिमीटरचं अंतर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. आवाज अगदी बाजूनं आला तर दुसऱ्या कानाला तो जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सीडीच्या भाषेत सांगायचं तर ४४,१०० सँपल्सपैकी जेमतेम २६ ते ३१ सँपल्स. एवढ्या फरकावर मेंदू दिशा काढतो! शिवाय लांबच्या कानाशी डोक्याची सावली पडते, तिथे आवाज कमी येतो. हे दोन्ही एकत्र मांडलं लॉर्ड रॅले यांनी, १९०७ साली. पण बरोबर पुढून आणि बरोबर मागून आलेल्या आवाजात हा फरक सारखाच, म्हणजे शून्य. तिथे कानाच्या पाळीचे वळसे कामी येतात, नाहीतर आपण नकळत मान हलवतो. म्हणजे मागचा आवाज ओळखणं हे सगळ्यात अवघड काम.

माणसाला ही दिशा यंत्रातून ऐकायची हौस फार जुनी. १८८१ च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर लावले आणि प्रेक्षकांना दोन कानांना दोन रिसीव्हर दिले. लोकांना गायक इकडून तिकडे चालताना ऐकू आला. नंतर पहिल्या महायुद्धात विमानं शोधायला सैन्यानं मोठमोठे कर्णे कानाला लावले. दोन कर्ण्यांमधलं अंतर वाढवलं की वेळेतला फरकही वाढतो आणि दिशा नेमकी कळते. हौस आणि भीती, दोघांनाही तेच गणित लागलं.

१९३१ साली आपल्याकडे 'आलम आरा' बोलू लागला. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाच्या इंजिनिअरनं स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. पडद्यावर नट एका बाजूला आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून, हे त्याला खटकलं होतं म्हणे. हा माणूस १९४२ मध्ये रडारची चाचणी घेताना विमान अपघातात गेला, वय फक्त ३८. पुढे १९४० च्या 'फँटेशिया'साठी डिस्नीनं आवाज प्रेक्षकांच्या भोवती फिरवला, पण ते यंत्र इतकं महाग की मोजक्याच थिएटरांत लागलं. १९७५ चा 'शोले' ७० मिलिमीटरवर स्टिरिओफोनिक आवाजात आला. १९७९ च्या 'अ‍ॅपोकॅलिप्स नाऊ'मध्ये वॉल्टर मर्च यांनी हेलिकॉप्टर प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवलं, मागचा डावा आणि मागचा उजवा वेगळा करून. आजच्या ५.१ ची मांडणी तीच. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं आणि १९९४ च्या '१९४२: अ लव्ह स्टोरी'नं डॉल्बी स्टिरिओ हिंदी सिनेमात आणलं.

घरातल्या कॉम्प्युटरची गोष्ट मात्र वेगळी. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साउंड ब्लास्टर काढलं आणि गेम खेळणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. नव्वदच्या दशकात ऑरियल ही छोटी कंपनी आली. त्यांचं ए३डी हे तंत्र नासासाठी झालेल्या संशोधनातून आलेलं, आणि फक्त दोन स्पीकर किंवा हेडफोनवर मागचा आवाज मागे ऐकवायचं, कानाच्या पाळीचं गणित वापरून. क्रिएटिव्हनं १९९८ मध्ये त्यांच्यावर पेटंटचा खटला भरला. डिसेंबर १९९९ मध्ये ऑरियल जिंकली, पण खर्चात पार बुडाली. २००० साली दिवाळं निघालं आणि तिची मालमत्ता विकत घेतली ती क्रिएटिव्हनंच! मग बोर्डावरचा फुकट ऑडिओ सुधारत गेला, २००७ च्या विंडोज व्हिस्टानं कार्डाला थेट आवाज मोजायला देण्याचा रस्ताच काढून टाकला, आणि वेगळं साउंड कार्ड ही हौशी लोकांची वस्तू झाली. ऑरियलची कल्पना मात्र आज हेडफोनवरच्या 'स्पेशल ऑडिओ'त सगळीकडे आहे.

आता आमच्या जंगलाकडे येतो, कारण इथे मागचा आवाज ही हौस नाही. वाघाची पावलं ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो चितळाचा, सांबराचा, वानराचा इशारा. तो ऐकायचा आणि कुठून आला ते ओळखायचं, की त्या बाजूला जायचं नाही. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मग तेंदूपत्ता. माणसं पहाटे निघतात आणि वाकून काम करतात, म्हणजे नजर जमिनीवर, राखण फक्त कानांची. मे २०२५ मध्ये आमच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चंद्रपूर-गडचिरोलीतून अशा बातम्या दर हंगामात येतात.

आबाजी एका कानावर आयुष्यभर जंगलात गेले. दुसऱ्या दिवशी विचारलं, कसं जमायचं? म्हणाले, आवाज आला की थांबायचं आणि मान फिरवायची, जिकडे मोठा होईल तिकडे तो. रॅले साहेबांचा प्रयोग, प्रयोगशाळेशिवाय! पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर इशारा संपला तर? म्हणून आजी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायची. मला वाटायचं आमच्याकडची रीतच आहे ती. आजी गेली त्या वर्षापासून आबाजींनी तेंदूपत्ता सोडला. घरी सगळे समजत होते वय झालं. मीही तेच समजत होतो, गेल्या दिवाळीपर्यंत.

त्यांचं खरं प्रेम नाटकावर. धान निघालं की मंडई, आणि मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजच्या मंडळ्या येतात, रात्रभर खेळ चालतो, गाणी तिथल्या तिथे. (या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आबाजींनी ती बातमी गावभर सांगितली.) त्यांचं म्हणणं असं, की नाटकात कर्णा एका बाजूला असला तरी अडत नाही, बोलतो कोण ते डोळ्यांना दिसतं.

आता थंडीत रात्री बाहेर जाणं होत नाही, म्हणून भावानं मोबाइलमधली नाटकांची रेकॉर्डिंग्ज कॉम्प्युटरवर टाकून हेडफोन दिला होता. आबाजींची तक्रार एकच, पेटी ऐकू येत नाही. मी फाइल उघडून बघितली, तर पेटी जवळजवळ पूर्ण डाव्या चॅनेलमध्ये! दोन वर्षं ते पेटीशिवाय गाणी ऐकत होते आणि आम्ही म्हणत होतो कान गेला.

विंडोजच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की डावं-उजवं एकत्र होऊन दोन्ही कानांना सारखं जातं. मोबाइलमध्येही असतं. तुमच्या घरी एका कानानं ऐकणारं कोणी असेल तर आजच शोधून चालू करा, एका मिनिटाचं काम आहे.

असो. ५.१ चा सेट भावाकडे जोरात चालू आहे, गेममध्ये मागून येणारे शत्रू त्याला बरोबर कळतात. आबाजी हेडफोन लावून बसतात, मोनोमध्ये. निघताना बस स्टँडपर्यंत सोडायला आले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चाललो.