अग्निशमन नोझलचे पेटंट : केवळ आकार नवा असून भागत नाही

आगीवर पाणी फवारणारे नोझल हे वरकरणी अगदी साधे उपकरण आहे. पितळेचा किंवा गनमेटलचा तुकडा लेथवर फिरवून, त्याला आटे पाडून, आत एखादी चकती किंवा पाते बसवले की ते तयार होते. त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही आणि म्हणूनच त्यातील सुधारणाही अनेकदा लहान कारखान्यांतच सुचतात. अशी सुधारणा करणाऱ्या कारागिराला तिचे पेटंट, म्हणजेच कायद्याच्या मराठीत ‘एकस्व’, मिळू शकते का? भारतीय कायद्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ते नोझलच्या दिसण्यावर अवलंबून नसून त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वर्तनावर अवलंबून आहे.

सुरत शहरातील गोडादऱ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न सहज उद्भवू शकतो. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांतील अनेकांचे पोट कापडधंद्यावर चालते. सुरतेच्या वॉटरजेट मागावर धोट्याऐवजी पाण्याची बारीक, वेगवान धार बाण्याचा धागा ओढून नेते. त्यामुळे नोझल दुरुस्त करणारे हात या शहरात नवे नाहीत. कृत्रिम धाग्याच्या कापडाने भरलेल्या या शहराला आगीची भीतीही नवी नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. गुजरात, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांतील पेटंट अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. त्यामुळे गोडादऱ्यातील कारागिराला लागू होणारे नियम वेर्णा किंवा कुंडई येथील उद्योजकालाही जसेच्या तसे लागू पडतात.

नोझल नेमके काय करते?

सामान्य तापमानाचे एक लिटर पाणी शंभर अंशांपर्यंत तापताना सुमारे ३०० किलोजूल उष्णता घेते. त्याच पाण्याची पूर्ण वाफ होताना ते आणखी सुमारे २,२५० किलोजूल शोषून घेते आणि त्याचे आकारमान साधारण १,७०० पटींनी वाढते. म्हणजे आग विझवण्याची पाण्याची खरी ताकद वाफ होण्यात आहे. जमिनीवरून वाहून गेलेले पाणी बव्हंशी वाया जाते.

वाफ लवकर व्हावी यासाठी पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. एक लिटर पाण्याचे एक मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो, थेंब ०.१ मिलिमीटरचे केले, तर तो साठ चौरस मीटर होतो. मात्र बारीक थेंब लांब जात नाहीत. आगीच्या झोताने ते वरच्यावर उडून जातात. उलट, एकसंध धार दूरवर पोहोचते, पण उष्णता कमी शोषते. पल्ला आणि थेंबाचा बारीकपणा यांतील ही ओढाताण सोडवणे हेच नोझलच्या रचनेतील मूळ तांत्रिक कोडे आहे. त्यातच, ठरावीक छिद्रातून बाहेर पडणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. पेटंटच्या परीक्षकासमोर मांडायची कोणतीही सुधारणा या कोड्याच्या संदर्भातच तोलली जाते.

कायद्याच्या तीन कसोट्या

पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नवा असावा लागतो, त्यात शोधक पाऊल असावे लागते आणि तो उद्योगात वापरण्याजोगा असावा लागतो. नोझलच्या बाबतीत तिसरी कसोटी सहज पार पडते. पहिली कसोटी कठोर आहे, कारण जगात कोठेही, कोणत्याही भाषेत आधी प्रसिद्ध झालेली माहिती अर्जाच्या आड येऊ शकते. भारतीय मानक ब्युरोची मानकेही त्यात मोडतात. अग्निशमन दलाच्या धुके-नोझलसाठी आयएस ९५२, होजची जोडणी, ब्रँच पाइप आणि नोझलसाठी आयएस ९०३, तर सार्वत्रिक ब्रँच पाइपसाठी आयएस २८७१ ही मानके अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. त्यांत वर्णन केलेली रचना कोणालाही स्वतःच्या नावावर करता येत नाही.

बहुतेक अर्ज अडतात ते दुसऱ्या कसोटीवर. शोधक पाऊल म्हणजे आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही. शिवाय त्या विषयातील जाणकार माणसाला ते सहज सुचण्यासारखे नसावे. छिद्राचा व्यास थोडा कमी केला, पितळेऐवजी स्टेनलेस स्टील वापरले किंवा चार छिद्रांच्या जागी सहा पाडली, तर नोझल नवे ठरेलही. पण शोधक पाऊल तेवढ्याने सिद्ध होत नाही.

मिर्झापूरच्या भांड्यांचा धडा

या विषयावर आजही आवर्जून उद्धृत होणारा निकाल लेथवरच्या कामाचाच आहे. मिर्झापूर येथील हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने पितळी भांडी लेथवर फिरवताना घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट घेतले होते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिस्पर्धी पेढीने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते पेटंट रद्द ठरवले. साधनाचे घटक आधीपासून माहीत होते आणि त्यांची जुळणी ही केवळ कारखान्यात होणारी नेहमीची सुधारणा होती, असा त्याचा आशय. जुन्या घटकांच्या जुळणीलाही पेटंट मिळू शकते, पण त्या जुळणीतून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा सरस अथवा स्वस्त वस्तू निर्माण व्हावी आणि तिच्यामागे कसबापलीकडचे काही असावे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

नोझलला हे तत्त्व थेट लागू होते. वॉटरजेट मागाच्या नोझलमध्ये धार फुटू नये म्हणून पाणी सरळ करणाऱ्या अरुंद वाहिन्या असतात. कारागिराने तोच भाग अग्निशमनाच्या ब्रँच पाइपमध्ये बसवला, तर कल्पना आकर्षक वाटते. परंतु पाणी सरळ करणारी पाती मोठ्या अग्निशमन मॉनिटरमध्ये पूर्वापार वापरली जातात. शिवाय कलम ३(डी) नुसार ज्ञात यंत्राचा वा उपकरणाचा केवळ वापर हा शोध मानला जात नाही आणि कलम ३(एफ) नुसार आपापले काम स्वतंत्रपणे व नेहमीच्याच रीतीने करणाऱ्या ज्ञात साधनांची निव्वळ मांडणीही शोध ठरत नाही. हाच कारागीर त्या वाहिन्या आणि धार फोडणारी चकती यांची अशी जोड घालील की एकाच दाबावर पल्ला न घटता थेंब बारीक होतील, तर मात्र चित्र पालटते. तेथे दोन भाग एकमेकांवर परिणाम घडवतात आणि परिणाम मोजून दाखवता येतो.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. क्लाइड मॅकमिलन यांना १९७२ साली तेथे मिळालेले पेटंट अशा नोझलचे होते, जे पाण्याचा प्रवाह कमी-जास्त झाला तरी आतील यंत्रणेच्या साहाय्याने दाब जवळपास स्थिर राखते. त्यात महत्त्व होते ते बदलत्या प्रवाहाला नोझलने स्वतःहून दिलेल्या प्रतिसादाला. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली असून ते तत्त्व आता सर्वांना खुले आहे.

‘डिझाइन’ या शब्दाची गफलत

रचना आणि रूप या दोहोंना व्यवहारात ‘डिझाइन’ म्हटले जाते. कायदा मात्र त्यांत फरक करतो. डिझाइन्स कायदा, २००० फक्त डोळ्यांना जाणवणाऱ्या रूपाला संरक्षण देतो. बांधणीचे तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक साधन त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. ही नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पाच वर्षांनी वाढवता येते. नोझलच्या मुठीचा डौल या कायद्याखाली नोंदवता येईल. आतील भोवऱ्याची पोकळी नाही. डिझाइनची नोंदणी झाली म्हणून फवारा सुरक्षित झाला असे समजणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने बाहेरचे रूप बदलून तोच फवारा विकायला आणला, तर काही करता येत नाही.

आधी अर्ज, मग प्रात्यक्षिक

नोझलची परीक्षा बंद खोलीत होत नाही. मोकळे मैदान, पंप आणि पेटलेला ढीग लागतो. येथेच अनेकांचा हक्क बुडतो. अर्जापूर्वी जाहीर प्रात्यक्षिक केले, चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली किंवा चार नग विकले, तर नावीन्य संपुष्टात येऊ शकते. कायद्यात अपवाद आहेत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलेल्या शोधासाठी बारा महिन्यांची सवलत आहे. तसेच जो शोध उघड्यावर वापरून पाहणे भागच आहे, त्याची अर्जापूर्वीच्या एका वर्षात केवळ वाजवी चाचणी म्हणून केलेली परीक्षाही आड येत नाही. पण हे अपवाद अरुंद आहेत आणि ते सिद्ध करण्याचा भार अखेर अर्जदारावरच येतो.

सुरक्षित मार्ग तात्पुरत्या विवरणपत्राचा आहे. ते दाखल करताच अग्रक्रमाची तारीख मिळते आणि पूर्ण विवरणपत्र देण्यासाठी बारा महिने मिळतात. या काळात चाचण्या उरकता येतात. एकाच दाबावर जुने व नवे नोझल लावून प्रति मिनिट प्रवाह, पल्ला, फवाऱ्याचा कोन आणि थेंबांचा आकार मोजलेला तक्ता हा परीक्षकासमोरचा सर्वांत भक्कम आधार असतो. पूर्ण विवरणपत्रात शोध कसा अमलात आणायचा, हे अर्जदाराला ठाऊक असलेल्या उत्तम पद्धतीसह सांगावे लागते. संरक्षण मिळते ते मात्र शेवटच्या ‘दाव्यांना’. ‘पाणी फवारणारे नोझल’ एवढाच दावा जुन्या ज्ञानावर आपटून फुटतो. फार बारीक मापांत अडकवलेला दावा प्रतिस्पर्धी सहज चुकवतो.

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती राहिली तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. प्रसिद्धीनंतर पेटंट मिळेपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरीनंतरही हितसंबंधितांना एक वर्षाची मुदत असते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असून ते टिकवण्यासाठी वार्षिक शुल्क भरावे लागते.

पेटंट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

पेटंट फक्त इतरांना ते नोझल बनवण्यापासून व विकण्यापासून रोखण्याचा हक्क देते. ते आगीत कामाला येईल, याची हमी पेटंट कार्यालय देत नाही. ती परीक्षा मानकांची आणि अग्निशमन दलाच्या जवानांची आहे. म्हणून ‘पेटंटप्राप्त’ असा शिक्का पाहून खरेदी करणाऱ्या गृहनिर्माण संस्थेने, कापडबाजाराने किंवा हॉटेलचालकाने मानकाचा क्रमांक आणि चाचणीचा अहवालही मागितला पाहिजे. शोधकासाठीही तोच अहवाल दुहेरी उपयोगाचा ठरतो : मोजमापांचा जो तक्ता शोधक पाऊल दाखवतो, तोच ग्राहकाला नोझलचे खरे मोल सांगतो.